मालक गल्ल्यावर नसताना

हॉटेलच्या धंद्याची रोज दोनदा परीक्षा होते. एकदा दुपारच्या जेवणाच्या वेळी आणि एकदा रात्रीच्या. या दोन गर्दींत दिवसाचा बराचसा गल्ला जमतो आणि चुकाही याच वेळी होतात. तव्यावर एकदम आठ डोसे पडलेले असतात, दाराबाहेर नंबर लावून कुटुंबे उभी असतात, पार्सलवाले काउंटरवर खोळंबलेले असतात, मोरीत ताटांचा ढीग साचलेला असतो आणि नेमकी त्याच वेळी एका टेबलाची भाजी दुसऱ्याच टेबलावर जाते.

कारखान्यातला माल आधी तपासतात, मग बाजारात पाठवतात. हॉटेलातला माल तव्यावरून उतरतो तो थेट गिऱ्हाइकाच्या ताटात. मधे तपासणीला सवड नसते. रात्री नऊ वाजता रिकामे राहिलेले टेबल उद्या विकता येत नाही आणि जास्त वाटलेले पीठ आठवडाभर टिकत नाही. त्यातून गिऱ्हाईक मालकाला क्वचितच भेटते. त्याला भेटतो तो पाणी आणून देणारा मुलगा, ऑर्डर घेणारा वेटर, बिल आणणारा कॅप्टन. म्हणजे ज्यांचा पगार सर्वांत कमी आणि ज्यांचे ऐकून घेणारेही सर्वांत कमी, त्यांच्याच हातात हॉटेलचे नाव असते.

म्हणून या धंद्यातला मोठा नेता ओळखायचा तर तो स्वतः किती चांगला स्वयंपाक करतो किंवा त्याच्या किती शाखा आहेत, एवढे पाहून भागत नाही. तो समोर नसताना त्याची माणसे काय करतात, हे पाहावे लागते. गेल्या सव्वाशे वर्षांतल्या काही हॉटेलांच्या हकिगती या नजरेने वाचल्या की असे नेतृत्व कसे घडते आणि कुठे फसते, ते कळू लागते.

आरडाओरडा थांबवणारा आचारी

ऑग्युस्त एस्कॉफिए यांचा जन्म १८४६ सालचा, दक्षिण फ्रान्समधल्या विलनव्ह-लुबे या गावातला. तेराव्या वर्षी ते नीस शहरात काकांच्या हॉटेलात उमेदवारीला लागले. त्या काळची मोठी स्वयंपाकघरे तळघरात असत. कोळशाच्या भट्ट्यांची धग, धूर, घाम, दारू, शिव्या आणि मारहाण हे तिथले रोजचे वातावरण. उष्णता सोसवत नाही म्हणून आचारी दिवसभर दारू पीत आणि दारू चढली की भांडत.

१८९० मध्ये सेझार रिट्झ यांच्यासोबत एस्कॉफिए लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात गेले. तिथे आणि नंतर कार्लटन हॉटेलात त्यांनी स्वयंपाकघराची रचना बदलून टाकली. सैन्यात आचारी म्हणून काम केले असल्याने तिथली शिस्त त्यांनी जवळून पाहिली होती. त्या धर्तीवर त्यांनी कामाचे विभाग पाडले. एक सॉस करणारा, एक भाजणारा, एक भाज्या आणि अंडी पाहणारा, एक थंड पदार्थांचा, एक गोड पदार्थांचा. प्रत्येक विभागाला एक प्रमुख आणि त्याच्या हाताखाली शिकणारी मुले. बाहेरून आलेली ऑर्डर एकच माणूस वाचून दाखवणार आणि तयार ताट बाहेर जाण्याआधी शेवटची नजर मुख्य आचाऱ्याची.

याचा फायदा एका पदार्थावरून समजेल. अंडी, भाजलेला मेंढीचा गुर्दा आणि ट्रफल या कंदासारख्या बुरशीचा सॉस मिळून होणारी एक डिश होती. एकाच आचाऱ्याने सगळे केले तर तिला सुमारे पंधरा मिनिटे लागत. एस्कॉफिएंच्या पद्धतीत अंडी एका विभागात, गुर्दा दुसऱ्या विभागात आणि सॉस तिसऱ्या विभागात एकाच वेळी तयार होई आणि काही मिनिटांत गरमागरम ताट बाहेर पडे. आज जगभरातल्या मोठ्या स्वयंपाकघरांची रचना थोड्याफार फरकाने हीच आहे.

पण त्यांचे याहून मोठे काम माणसांच्या बाबतीतले होते. स्वयंपाकघरात ओरडायला, शिव्या द्यायला, दारू आणि सिगारेट प्यायला त्यांनी बंदी घातली. दारूच्या जागी, डॉक्टरांच्या सल्ल्याने, बार्लीचे थंड पाणी ठेवले. कामाबाहेर नीटनेटके कपडे घालावेत, वाचन करावे, असा आग्रह ते आचाऱ्यांना धरत. स्वतःला राग येतोय असे वाटले की ते स्वयंपाकघरातून बाहेर पडत आणि शांत होऊन परत येत, असे त्यांच्याबरोबर काम केलेल्यांनी सांगितले आहे. आचारी हा पदार्थाइतकाच आदराचा विषय आहे, हा विचार त्या काळात नवा होता. टीव्हीवरच्या स्पर्धांत आज ओरडणारा शेफ म्हणजे खरा कडक शेफ असे चित्र रंगवले जाते. ज्यांनी ही सगळी व्यवस्था बसवली, त्यांनी पहिल्यांदा आरडाओरडाच बंद केला होता, हे लक्षात ठेवायला हवे.

शांत स्वयंपाकघराला व्यवहाराचीही बाजू आहे. जिथे चुकल्यावर शिवी मिळते, तिथे चूक लपवली जाते. करपलेला मसाला वरणात मिसळून जातो, खाली पडलेला तुकडा परत ताटात येतो. जिथे 'हे बिघडलंय, पुन्हा करतो' असे पोरगा निर्धास्तपणे सांगू शकतो, तिथेच गिऱ्हाइकाच्या पोटात चांगले अन्न जाते.

याच एस्कॉफिएंना १८९८ मध्ये रिट्झ यांच्यासह सॅव्हॉयमधून काढून टाकण्यात आले. पुरवठादारांकडून दलाली घेतल्याची कबुली त्यांनी पुढे दिली. शिस्त आणि कौशल्य पुरेसे नसते, हेही त्यांच्याच चरित्रातून शिकायला मिळते.

तोट्याचा फलक

हिशेबाच्या सचोटीचे एक उदाहरण आपल्या शेजारच्या राज्यात आहे. उडुपी भागातून बंगळूरला आलेल्या मैय्या बंधूंनी १९२४ मध्ये एक छोटे हॉटेल सुरू केले. तेच पुढे मावळ्ळी टिफिन रूम्स, म्हणजे एमटीआर, या नावाने प्रसिद्ध झाले. यज्ञनारायण मैय्या १९५१ मध्ये युरोपात जाऊन तिथली हॉटेले पाहून आले. त्यांच्या मनात भरली ती तिथली स्वच्छता. परतल्यावर त्यांनी कपबश्या आणि भांडी वाफेने निर्जंतुक करण्याची सोय केली आणि स्वयंपाकघर गिऱ्हाइकांच्या नजरेसमोर ठेवले. ज्याला पाहायचे असेल त्याने आत डोकावावे.

स्वयंपाकघर उघडे ठेवण्याने एक मोठी गोष्ट साधते. मालकाला दिवसभर पहारा द्यावा लागत नाही. येणारे-जाणारे प्रत्येक गिऱ्हाईक पाहत असल्याने स्वच्छता ही साहेब येणार म्हणून करायची गोष्ट राहत नाही, ती सवय होते. चांगला नेता हुकूम सोडण्यापेक्षा अशी व्यवस्था उभी करतो की योग्य वागणे हेच सर्वांत सोपे व्हावे.

एमटीआरची खरी कसोटी आणीबाणीत लागली. हॉटेलातल्या पदार्थांचे दर सरकारने इतके खाली बांधून दिले की शुद्ध तूप आणि चांगला माल वापरून त्या दरात विकणे परवडेना. अशा वेळी हमखास सापडणारा मार्ग म्हणजे माल हलका करणे. तुपाऐवजी दुसरे काही, काजू कमी, सांबार पातळ. एमटीआरने दर्जा तसाच ठेवला आणि रोज किती तोटा होतो आहे, हे बाहेर फलकावर लिहायला सुरुवात केली. तोटा झेपेनासा झाला तेव्हा हॉटेल बंद ठेवले, पण चव उतरवली नाही. हातच्या माणसांना काम राहावे म्हणून याच काळात तयार पिठे आणि मसाल्यांच्या व्यवसायाकडे ते वळले. घरोघरी पोहोचलेल्या त्या पाकिटांची सुरुवात अशी अडचणीतून झाली.

या निर्णयाचा परिणाम बाहेरच्यापेक्षा आत जास्त होतो. मालकाने एकदा तुपात भेसळ करायला सांगितली की आचाऱ्याला कळते की इथे काहीही चालते. मग दूध पातळ होते, वजनात काटछाट होते, गल्ल्यातली नोट खिशात जाते. आणि मालक तोटा सोसून तूप शुद्ध ठेवतो तेव्हा न बोलताही सगळ्या स्वयंपाकघराला त्या जागेची मर्यादा कळते.

मिठाची बाटली मध्यावर

न्यूयॉर्कचे डॅनी मायर यांनी १९८५ मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी, युनियन स्क्वेअर कॅफे सुरू केले. सुरुवातीच्या दिवसांतला एक प्रसंग त्यांनी आपल्या पुस्तकात सांगितला आहे. नोकर ऐकत नाहीत, सांगितलेले विसरतात, अशी तक्रार घेऊन ते पॅट चेटा या अनुभवी हॉटेलमालकाकडे गेले. चेटांनी त्यांना टेबलावरचे सगळे काढून फक्त मिठाची बाटली मध्यावर ठेवायला लावली. मग स्वतः ती थोडी सरकवली आणि परत मध्यावर ठेवायला सांगितले. असे पुन्हा पुन्हा. सांगणे एवढेच होते: नोकर आणि गिऱ्हाइके ही बाटली रोज सरकवणारच, तो त्यांचा स्वभाव आहे. ती परत मध्यावर ठेवणे हे मालकाचे काम आणि त्यासाठी मध्य कुठे आहे हे आधी त्याला स्वतःला माहीत हवे.

यातून मायर यांनी आपली रीत बसवली. सांगत राहायचे, सौम्यपणे सांगायचे, पण सोडून द्यायचे नाही. या तीन गोष्टींतली एकही वगळली तर काम बिघडते. सातत्य नसेल तर सोमवारचा नियम शुक्रवारी कुणाच्या लक्षात राहत नाही. सौम्यता नसेल तर चांगली माणसे सोडून जातात. आग्रह नसेल तर प्रेमळ मालकाच्या हॉटेलात टेबले चिकट राहतात.

मायर यांनी आणखी एक क्रम लावला आणि तो अनेकांना उलटा वाटला. सर्वांत आधी आपले कर्मचारी, मग गिऱ्हाईक, मग परिसर, मग पुरवठादार आणि सर्वांत शेवटी गुंतवणूकदार. गिऱ्हाईक म्हणजे देव असे मानणाऱ्यांना हे खटकेल. पण उपाशीपोटी, अपमान गिळून उभा असलेला वेटर हसतमुखाने वाढणार कसा? आपल्याकडेही हे तपासायला एक साधी जागा आहे: स्टाफचे जेवण. उरलेला भात आणि पाणी घातलेली डाळ मुलांना वाढणारे हॉटेल कधी ना कधी गिऱ्हाइकालाही तेच वाढते.

माणसे घेतानाही मायर कसबापेक्षा स्वभावाला थोडे झुकते माप देतात. १०० गुणांत ५१ गुण दुसऱ्याचे मन ओळखण्याला आणि ४९ कामातल्या सफाईला. ताट कसे धरायचे हे शिकवता येते. म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला खुर्ची ओढून द्यावी हे मनातून वाटणे शिकवायला फार अवघड.

त्यांचे सगळे प्रयोग यशस्वी झाले असेही नाही. अमेरिकेत वेटरला भरपूर टिप मिळते, पण आत भट्टीपुढे उभ्या असलेल्या आचाऱ्याला त्यातले बहुधा काही मिळत नाही. ही दरी मिटवायला २०१५ मध्ये त्यांनी टिप बंद करून दर वाढवायची घोषणा केली. २०२० मध्ये, महामारीच्या काळात, टिप परत सुरू करावी लागली. प्रयोग मागे घेतला गेला, तरी आतल्या माणसाची कमाई बाहेरच्यापेक्षा इतकी कमी का, हा प्रश्न त्यांनी सगळ्या धंद्यासमोर ठेवला.

विचारायला कुणी नव्हते तेव्हा

नेता समोर नसताना माणसे काय करतात, याचे मोठे उदाहरण मुंबईच्या वाट्याला आले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ताजमहाल पॅलेसमध्ये दहशतवादी शिरले तेव्हा वसाबी रेस्टॉरंटमध्ये थॉमस वर्गीस हे ४८ वर्षांचे ज्येष्ठ वेटर कामावर होते. त्यांनी सुमारे ५० पाहुण्यांना टेबलांखाली वाकून बसायला सांगितले आणि सहकाऱ्यांना त्यांच्याभोवती कडे करायला लावले. काही तासांनी गोल जिन्याने सर्वांना बाहेर काढताना, मी शेवटी येतो, असे त्यांनी ठरवले. पाहुणे वाचले. वर्गीस जिन्याच्या तळाशी गोळ्यांना बळी पडले.

वरच्या एका सभागृहात मेजवानी चालू होती. तिथली जबाबदारी २४ वर्षांच्या एका तरुण व्यवस्थापिकेवर होती. तिने दारे लावून घेतली, दिवे मालवले, पाहुण्यांना जमिनीवर पडून राहायला सांगितले. रात्रभर कर्मचारी त्यांना पाणी देत, धीर देत राहिले आणि सकाळी अग्निशमन दलाने खिडकीतून सुटका केली तेव्हा आधी पाहुणे उतरले, मग कर्मचारी. तळमजल्यापासून वरपर्यंत स्वयंपाकघरातल्या माणसांनी पाहुण्यांना सुरक्षित जागी नेले आणि त्यात काहींनी जीव गमावला. त्या हल्ल्यात ताजचे ११ कर्मचारी मृत्युमुखी पडले. महाव्यवस्थापक करमबीर कांग यांची पत्नी आणि दोन मुले वरच्या मजल्यावर अडकून मरण पावली, तरीही ते पाहुण्यांच्या सुटकेच्या कामातून हलले नाहीत.

असे वागा, असे कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेले नव्हते. मागच्या दाराच्या वाटा त्यांना ठाऊक होत्या. निघून गेले असते तर कुणी दोष दिला नसता. मग ते का थांबले? २०११ मध्ये रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये यावर विस्ताराने लिहिले. त्यांना सापडलेले उत्तर भरती आणि शिक्षणात होते. ताज समूह मोठ्या महानगरांऐवजी तुलनेने लहान शहरांतून, मुंबईपेक्षा पुण्यातून, मुले निवडण्याकडे कल ठेवी. निवडताना गुणपत्रिकेपेक्षा वडीलधाऱ्यांबद्दलचा आदर, आनंदी वृत्ती, दुसऱ्याची गरज ओळखण्याची सवय पाहिली जाई. इतर हॉटेलांत साधारण १२ महिने चालणारे प्रशिक्षण इथे १८ महिने चाले. आणि त्यात एक गोष्ट पक्की शिकवली जाई: पाहुण्यासमोर निर्णय घ्यायची वेळ आली तर वरिष्ठाला विचारायला थांबू नका, पाहुण्याचे हित पाहा आणि निर्णय घ्या, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.

यातला शेवटचा भाग सर्वांत मोलाचा. थंड झालेली चपाती बदलून द्यायलाही ज्या वेटरला मॅनेजरची परवानगी लागते, त्याच्याकडून संकटाच्या रात्री निर्णयाची अपेक्षा करता येत नाही. निर्णय घेण्याची सवय रोजच्या लहान गोष्टींत लागते. वर्गीस यांनी त्या रात्री अचानक धैर्य मिळवले असे नाही. वर्षानुवर्षे समोरच्या माणसाची जबाबदारी आपली मानून ते जगले होते.

निष्ठा कुणावर?

इथे एका धोक्याबद्दलही बोलायला हवे. सरवणा भवनचे पी. राजगोपाल यांनी १९८१ मध्ये चेन्नईत हॉटेल सुरू केले आणि ते अनेक देशांत नेले. नोकरांना चांगला पगार, राहायची सोय, औषधोपचार, मुलांच्या शिक्षणाला मदत यामुळे ते माणसांचे 'अण्णाच्ची', म्हणजे थोरले भाऊ, झाले. पण त्यांच्या मनात आलेल्या लग्नाच्या आड येणाऱ्या एका तरुणाचा २००१ मध्ये खून झाला. त्या प्रकरणात राजगोपाल दोषी ठरले आणि त्यांच्या हुकमात वागणारी माणसेही त्यांच्याबरोबर दोषी ठरली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली आणि त्याच वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

नोकरांची काळजी घेणे आणि नोकरांना आपल्या शब्दाबाहेर न जाणारी माणसे बनवणे, यांतला फरक इथे दिसतो. निष्ठा एका माणसावर जडली की त्या माणसाची चूक रोखायला कुणी उरत नाही. निष्ठा कामावर, गिऱ्हाइकावर आणि नियमावर असली तर वेळ आल्यावर नोकर मालकालाही नाही म्हणू शकतो. ज्याच्या हॉटेलात त्याला नाही म्हणता येते, तोच मोठा.

एकट्या मालकाशिवायही हॉटेल चालते, हे इंडियन कॉफी हाउसने दाखवले. कॉफी बोर्डाने १९५०च्या दशकात आपली कॉफी हाउसे बंद करायला घेतली तेव्हा कामगारांची नोकरी जाणार होती. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्यांना सुचवले की तुम्हीच सहकारी संस्था काढा आणि तुम्हीच चालवा. १९५७ मध्ये बंगळूर आणि दिल्लीत अशा संस्था उभ्या राहिल्या, पुढे इतर राज्यांत पसरल्या. काल कप उचलणारा कामगार तिथे मालकही झाला. सहा दशकांहून अधिक काळ त्यातली कित्येक कॉफी हाउसे चालू आहेत. अडचणी त्यांनाही आल्या, काही बंदही पडली, पण टेबल पुसणाऱ्या माणसात हॉटेल चालवायची कुवत असते, हा मुद्दा सिद्ध झाला.

मोरीपासून गल्ल्यापर्यंत

मुंबई-पुण्याच्या वाचकाला हे नवे वाटायला नको. दक्षिण कन्नड आणि उडुपी भागातून आलेल्या कित्येक मुलांनी इथे भांडी घासण्यापासून सुरुवात केली. दिवसा हॉटेलात राबायचे आणि रात्री रात्रशाळेत बसायचे, अशी पिढीच्या पिढी मुंबईत शिकली. माटुंग्यात १९४२ पासून केळीच्या पानावर जेवू घालणाऱ्या श्रीकृष्ण बोर्डिंगचे रामा नायक असोत की पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर वैशालीला नाव मिळवून देणारे आणि २०२३ मध्ये निवर्तलेले जगन्नाथ शेट्टी, या मंडळींनी धंद्याची प्रत्येक पायरी स्वतः चढून पाहिली होती. मोरीत हात घातलेल्या मालकाला कळते की गर्दीच्या वेळी ताटे का साचतात. तव्यापुढे उभ्या राहिलेल्याला कळते की मे महिन्यात दर तासाला आचाऱ्याला विश्रांती का हवी.

पण प्रत्येक मालक खालून वर चढलेला असतो असे नाही आणि खालून वर आलेला प्रत्येक जण मागच्यांना हात देतोच असेही नाही. आम्ही सोसले, तुम्हीही सोसा, असे म्हणणारे पुष्कळ असतात. जो आपल्या सोसण्यातून दुसऱ्याचे सोसणे कमी करतो, त्याच्याकडे माणसे टिकतात. आज शहरांतली हॉटेले माणसे मिळत नाहीत म्हणून ओरडतात. नेपाळ, ओडिशा, बंगालमधून आलेली मुले दोन महिन्यांत दुसरीकडे जातात. पगाराचा प्रश्न त्यात आहेच, पण त्याबरोबर राहायला बरी खोली, वेळेवर जेवण, आठवड्याची सुट्टी आणि पुढे काय, याचे उत्तर हवे असते. टेबल पुसणाऱ्या मुलाला सहा महिन्यांनी कुठले काम शिकायला मिळणार, हे ज्या हॉटेलात त्याला आधीच ठाऊक असते, तिथून तो सहसा जात नाही.

ज्याला हॉटेल नीट चालवायचे आहे त्याने म्हणूनच सुरुवात मोठ्या योजनांपासून करू नये. रोज गर्दीच्या आधी दहा मिनिटे सगळ्यांना एकत्र बोलवावे, आज काय चांगले आहे आणि काय संपले आहे ते सांगावे, काल कुणी काय छान केले त्याचे नाव घ्यावे. थंड पदार्थ बदलून देणे, चुकलेल्या ऑर्डरचे पैसे न घेणे, एवढे अधिकार वेटरला स्पष्ट शब्दांत द्यावेत आणि ते वापरल्याबद्दल त्याला रागावू नये. स्टाफबरोबर बसून स्टाफचेच जेवण जेवावे. चूक दिसली की चारचौघांत नाही, बाजूला नेऊन सांगावी आणि सांगायची मात्र नक्की. यातल्या एकाही गोष्टीला भांडवल लागत नाही.

आणि आपण गिऱ्हाइकांनीही यात वाटा उचलायला हवा. वेटरला हाक मारताना चुटकी वाजवायची की नाव विचारायचे, हे आपल्याच हातात असते. दहा रुपये स्वस्त थाळीमागे कुणाचा पगार कापला गेला असेल, हा विचार आपण करू शकतो. चांगला मालक आपली माणसे सांभाळत असेल तर त्याची किंमत थोडी जास्त मोजायला आपली तयारी हवी. कारण अशा हॉटेलात आज टेबल पुसणारा मुलगा काही वर्षांनी स्वतःचे हॉटेल काढतो आणि तिथे दहा नव्या मुलांना काम शिकवतो. मोठा नेता कोण, हे शेवटी त्याच्या शाखांवरून ठरू नये. त्याच्या हाताखालून किती माणसे स्वतःच्या पायावर उभी राहिली, त्यावरून ठरावे.